सी ३ म्हणजे नेमका कुठला? एका सॅम्पल केलेल्या पेटीचं प्रकरण

संगीतकारांच्या तक्रारी तीन होत्या. नव्यानं सॅम्पल केलेली, म्हणजे सूर रेकॉर्ड करून संगणकावर वाजवायला बनवलेली पेटी पातळ वाजते, तिच्यातला खर्ज कुठे गेला कळत नाही. तार सप्तकातले मध्यम आणि पंचम वाजतच नाहीत. आणि साताऱ्याच्या कीबोर्डवादकाला अंतऱ्यासाठी जे सांगितलं होतं, ते त्यानं एक सप्तक खाली वाजवून पाठवलं आहे.

पहिलीचा दोष रेकॉर्डिंगवर ढकलला गेला होता, दुसरीचा सॅम्पलरवर, म्हणजे ते सूर पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि तिसरीचा त्या मुलाच्या दुर्लक्षावर. पेटी पुन्हा रेकॉर्ड करायची, स्टुडिओची वेळ घ्यायची, इथवर बोलणं आलं होतं. प्रकरण माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर. शेवटी तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली. एकाच सुराला चार सॉफ्टवेअरमध्ये मिळून तीन वेगवेगळी नावं होती आणि माणसांनी एकमेकांना फक्त नावं कळवली होती. संगणकावर काम करणाऱ्या बहुतेक वादकांना हा घोळ कधी ना कधी भेटतो. पण इथे एका चुकीनं दुसरी झाकली होती आणि तपासणीची साधनंसुद्धा चुकीला दुजोरा देत होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

कोणी काय केलं

काम एका हौशी संस्थेच्या नाटकाचं. त्यांच्या पेटीवादकांना प्रयोगांच्या दौऱ्यावर जाणं शक्य नव्हतं, पण पेटी त्यांचीच ऐकू यावी असा सगळ्यांचा आग्रह होता. म्हणून त्या पेटीचा सूर न् सूर रेकॉर्ड करून तिचं सॅम्पल वाद्य बनवायचं ठरलं. पेटी डबल रीडची, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन रीड वाजतात, पट्टीच्या सुराची नर आणि तिच्या एक सप्तक खालची खर्ज. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. डावीकडची पहिली पट्टी पांढरी एक, म्हणजे सी, आणि उजवीकडची शेवटची एफ.

रेकॉर्डिंग पुण्यात झालं, लॉजिक प्रो या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर. रेकॉर्डिस्टनं प्रत्येक पट्टीचा सूर वेगळ्या फाइलीत घेतला आणि लॉजिकच्या पडद्यावर त्या सुराचं जे नाव दिसत होतं तेच फाइलीला दिलं. सर्वांत खालची फाइल सी २, सर्वांत वरची एफ ५. काम नीटनेटकं होतं. सूर स्थिर, भात्याचा आवाज कमी, फाइली क्रमानं लावलेल्या.

त्या फाइली नाशिकच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे गेल्या. त्यानं फाइलीचं नाव वाचून सॅम्पलरसाठी एसएफझेड फाइल लिहिणारा छोटा प्रोग्रॅम केला. एसएफझेड ही साध्या मजकुराची फाइल असते. कोणतं सॅम्पल कोणत्या पट्टीवर वाजवायचं, त्याचा मूळ सूर कोणता, एवढं तिच्यात ओळीनं लिहिलेलं असतं. तिथे पट्टी आकड्यानं लिहिता येते, तशीच नावानंही. प्रोग्रॅमनं फाइलीच्या नावातलं सी २ उचललं आणि तसंच्या तसं तिथे ठेवलं.

संगीतकार पुण्यातच, एबलटन लाइव्ह या तशाच सॉफ्टवेअरवर काम करणारे. कीबोर्डवादक साताऱ्याचा. त्याच्याकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ.

मिडीत सुराला नाव नसतं

पुढचं समजायला एवढी पार्श्वभूमी हवी. मिडी हे वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांना सूर कळवण्याचं मानक १९८३ साली आलं. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६०० आणि रोलंडचा ज्युपिटर ६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनं जोडून दाखवले गेले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी जे घडवून आणलं त्याचा गाभा फार साधा आहे. पट्टी दाबली की तीन आकडे जातात. पहिला सांगतो की सूर सुरू झाला आणि तो कोणत्या चॅनलवर, दुसरा सांगतो कोणता सूर, तिसरा सांगतो किती जोरानं. सुराचा आकडा ० ते १२७ मधला. पियानोच्या मधोमध असलेला सी, ज्याला मिडल सी म्हणतात, त्याचा आकडा ६०. त्याच्या वरचा ए ६९, तोच ४४० हर्ट्झचा. हिशेब इथे पूर्ण होतो. ६० म्हणजे २६१.६३ हर्ट्झ, ४८ म्हणजे १३०.८१, ७२ म्हणजे ५२३.२५. बारा मिळवले की एक सप्तक वर, बारा वजा केले की एक सप्तक खाली.

या ६० ला सी ३ म्हणायचं की सी ४, हे मिडीच्या मूळ मानकानं ठरवलं नाही. तारेतून नाव जातच नाही, त्यामुळे यंत्रांना त्याची गरज पडली नाही. गरज पडली माणसांना, पडद्यावर काहीतरी वाचता यावं म्हणून. मग ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं.

आकड्याला बारानं भागा. ६० भागिले १२ बरोबर ५. ते ५ तसंच ठेवलं तर मधला सी होतो सी ५. एफएल स्टुडिओत नेहमीच्या मांडणीत हेच दिसतं. पाचातून एक वजा केला तर सी ४. ही ध्वनिशास्त्राची पद्धत. रॉबर्ट यंग यांनी १९३९ मध्ये तिची मांडणी केली, आणि ए ४ म्हणजे ४४० हर्ट्झ असं आपण सहज म्हणतो ते तिच्यातलंच. रोलंडची वाद्यं, म्यूजस्कोरसारखं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर आणि एसएफझेड फाइली याच पद्धतीनं चालतात. दोन वजा केले तर सी ३. ही यामाहाची पद्धत. क्यूबेस, एबलटन लाइव्ह, कॉन्टॅक्ट आणि नेहमीच्या मांडणीतलं लॉजिक, सगळे तीच वापरतात.

म्हणजे आकडा ० ला कुणी सी ० म्हणतं, कुणी सी उणे १, कुणी सी उणे २. तिघांचंही आतून बरोबर आहे. सी ४ ची बाजू घेणारे ध्वनिशास्त्राचा दाखला देतात, आणि कागदावर शिकवायचं असेल तर मीही सी ४ च शिकवेन. पण यामाहाची पद्धत लाखो कीबोर्डांतून, सॅम्पल संचांतून आणि त्यांच्या माहितीपुस्तिकांतून पसरली आहे. आता कुणी एकानं दुसऱ्यासाठी बदलावं ही अपेक्षा व्यर्थ आहे. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं, त्यातही सुराचा आकडा ० ते १२७ हाच राहिला.

पेटी वर कशी सरकली

आता नाशिकची पायरी पाहू. लॉजिकमधला सी २ म्हणजे आकडा ४८. एसएफझेडमधला सी २ म्हणजे आकडा ३६. प्रोग्रॅमनं नाव जसंच्या तसं उचललं, त्यामुळे ४८ चा सूर ३६ च्या पट्टीवर बसला. सगळी पेटी बारा पट्ट्या डावीकडे गेली. ४८ ते ८९ असायची ती ३६ ते ७७ झाली, आणि कुठलीही पट्टी दाबली तरी सूर एक सप्तक वरचा येऊ लागला.

संगीतकारांची पहिली तक्रार इथेच सुटते. त्यांनी ६० दाबला की नर रीड २६१ ची आणि खर्ज १३० ची ऐकू यायला हवी होती. ऐकू येत होती नर ५२३ ची आणि खर्ज २६१ ची. खर्जाची रीड रेकॉर्ड झाली होतीच, फक्त ती नर रीडच्या जागी येऊन बसली होती. कानाला मात्र असंच वाटणार की खर्ज नाही आणि पेटी चिरकते आहे.

दुसरी तक्रारही इथेच. गाणं काळी एकचं, म्हणजे सी शार्पचं. षड्ज ६१ वर, तार षड्ज ७३ वर, त्यापुढे रिषभ ७५, गंधार ७७, मध्यम ७८, पंचम ८०. चुकून बसलेली पेटी संपत होती ७७ वर. म्हणून तार गंधारापर्यंत ती वाजत होती आणि मध्यम-पंचमाला गप्प बसत होती. एक सूर सोडून दुसरा वाजत नाही म्हटलं की सगळ्यांचं लक्ष त्या दोन सॅम्पलकडे जातं. फाइल खराब झाली का, नीट उतरली नाही का, हेच प्रश्न विचारले गेले. खरं तर वाद्याची हद्दच तिथे संपत होती. वरचे काही सूर वाजत नाहीत अशी तक्रार आली की मी आता पहिल्यांदा हे बघतो, की वाजणारा शेवटचा सूर कोणता आणि तो वाद्याच्या शेवटच्या पट्टीशी जुळतो का. इथे शेवटचा वाजणारा ७७ होता, म्हणजे एफ. पेटीची शेवटची पट्टीही एफ. फाइली धड होत्या हे तेवढ्यावरून कळलं.

ट्यूनरनं दिलेली खोटी खात्री

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे. विद्यार्थ्यानं काम आंधळेपणानं केलं नव्हतं. त्यानं तपासलं होतं. ६० ची पट्टी दाबून त्यानं फोनवरचा ट्यूनर समोर धरला. ट्यूनरनं दाखवलं सी ४. एसएफझेडच्या हिशेबानं ६० म्हणजे सी ४. तिथे जी फाइल वाजत होती तिचं नावही सी ४. तीन ठिकाणी एकच उत्तर आलं. याहून जास्त खात्री कुणी कशी करावी?

आणि तरीही सूर एक सप्तक चुकीचा होता.

वाजत असलेली फाइल लॉजिकमधली सी ४, म्हणजे आकडा ७२. तिच्यात नर रीड ५२३ हर्ट्झची आणि तिच्या एक सप्तक खाली खर्ज २६१ ची. या दोन लहरी एकत्र आल्या की मिळून जे आवर्तन होतं ते खालच्या सुराइतकंच. ट्यूनर आवर्तन मोजतो, त्यामुळे त्याला सापडला २६१. ध्वनिशास्त्राच्या पद्धतीनं २६१ म्हणजे सी ४, आणि तेच त्यानं पडद्यावर दाखवलं. डबल रीडच्या पेटीवर ट्यूनर पट्टीचा सूर सांगत नाही, तो खर्जाचा सूर सांगतो. एका रीडची पेटी असती, बासरी असती किंवा पियानो असता, तर ही चूक नाशिकलाच पकडली गेली असती.

आवाजाचा आलेख काढूनही फारसं हाती लागत नाही, कारण खर्जाच्या सुराचा दुसरा, म्हणजे दुप्पट कंपनांचा, स्वरांश नर रीडच्या मूळ सुरावरच पडतो. आलेखात २६१ आणि ५२३ ला टोकं दिसतात, पण वरचं टोक वेगळ्या रीडचं की खालच्या सुराचाच अंश, हे नुसतं बघून ठरत नाही.

खरं काय ते शेवटी एका दुर्लक्षित फाइलीनं सांगितलं. रेकॉर्डिंगच्या वेळी वादकांच्या हेडफोनमध्ये प्रत्येक पट्टीआधी एक साधा मार्गदर्शक सूर दिला होता, आणि तो मिडी ट्रॅकवरून येत होता. तो ट्रॅक मी मिडी फाइल म्हणून मागवून घेतला आणि घटनांच्या यादीत उघडला. यादीत आकडे होते. ४८, ४९, ५०, असे क्रमानं थेट ८९ पर्यंत. डावीकडची पहिली पट्टी ४८, तेरावी, म्हणजे मध्य सप्तकातली पांढरी एक, ६०. पेटीवादकांनाही फोन करून विचारलं. ते म्हणाले, “मधली पांढरी एक म्हणजे नर सुराची. खर्ज तिच्या जोडीला असतो, त्याच्यावरून पट्टी मोजत नाहीत.” वाद सुटला.

खाली उतरवण्याचा उपाय आणि बासरी

मधल्या काळात संगीतकारांनी स्वतःच एक उपाय केला होता. पेटी वर वाजते ना, मग पेटीची मिडी क्लिप, म्हणजे तिच्या सुरांच्या आकड्यांचा तुकडा, बारा सुरांनी खाली आणली. ८० चा पंचम झाला ६८, आणि ६८ वर बसलेलं सॅम्पल खरोखर ८० चंच होतं. पेटी लगेच बरोबर वाजू लागली, मध्यम-पंचमही आले. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला.

पण ध्रुवपदात पेटीच्या मागे बासरी तीच चाल वाजवते. त्यांनी पेटीची क्लिप बासरीच्या ट्रॅकवर डकवली. बासरीचा संच दुसरीकडचा आणि त्याचं मॅपिंग, म्हणजे कोणतं सॅम्पल कोणत्या पट्टीवर ते, अचूक, त्यामुळे ती एक सप्तक खाली गेली, आणि मंद्र पंचमाशी, म्हणजे आता ४४ वर, पूर्ण गप्प झाली. मग बासरीच्या संचातच दोष आहे असं ठरलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी असंच केलं असतं. प्रयोग जवळ आला की कानाला बरं वाटेल तो उपाय माणूस स्वीकारतो. मात्र चूक वाद्यात आणि दुरुस्ती सुरांत अशी अदलाबदल झाली की पुढे ते सूर जिथे जातील तिथे बिघाड घेऊन जातात.

साताऱ्याचा अंतरा

संगीतकारांनी व्हॉट्सॲपवर निरोप दिला होता, “अंतऱ्याला सी शार्प थ्रीपासून चढत जा, वरच्या सापर्यंत.” त्यांच्या एबलटनमध्ये सी शार्प ३ म्हणजे ६१, मध्य षड्ज. मुलानं एफएल स्टुडिओत सी शार्प ३ शोधला. तिथे तो ३७. त्याच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सर्वांत डावी पट्टी ३६ ची, म्हणजे अगदी डाव्या टोकाला हात नेऊन त्यानं तान वाजवली आणि मिडी फाइल पाठवली. फाइल एबलटनमध्ये उघडल्यावर सुरुवातीचा सूर दिसला सी शार्प १.

दोघांनी एकमेकांना पडद्याचे फोटो पाठवले. मुलाचा पियानो रोल, म्हणजे सूर मांडून दाखवणारी खिडकी, सी शार्प ३ दाखवते आहे, संगीतकारांचा सी शार्प १, आणि दोन्हीत तीच तान, तेच सूर, तोच ठेका.

“दादा, हे बघा, माझ्याकडे थ्रीच आहे.”

“अरे, मग वाटेत वन कसं झालं? पाठवताना काही दाबलंस का?”

वाटेत काहीच झालं नव्हतं. फाइलीत ३७ होता, तिकडेही ३७, इकडेही ३७.

नावाच्या फरकानं सूर दोन सप्तकं खाली गेला, पण कानाला तो एकच सप्तक खाली वाटला, कारण पेटीचं मॅपिंग त्याला एक सप्तक वर उचलत होतं. ३७ वर बसलेलं सॅम्पल खरं ४९ चं. दोन खाली, एक वर. बेरीज एक. म्हणूनच मुलगा नुसता एक सप्तक चुकला असा समज झाला. कुणी दोन सप्तकांचा फरक ऐकला असता तर निदान शंका आली असती, कारण हाताच्या चुकीनं माणूस दोन सप्तकं सहसा चुकत नाही.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीनंतरचा गोंधळ

मी आधी पेटी दुरुस्त केली. एसएफझेड फाइलीतली नावं पूर्ण काढून टाकली आणि त्या जागी आकडे लिहिले, ४८ पासून ८९ पर्यंत. वेव्ह फाइलीच्या आतही सॅम्पलरसाठी राखलेला एक छोटा विभाग असतो, त्यात मूळ सुराचा मिडी आकडा साठवता येतो. तोही प्रत्येक फाइलीत भरला, म्हणजे उद्या कुणी दुसऱ्या सॅम्पलरमध्ये या फाइली टाकल्या आणि त्या सॅम्पलरला तो विभाग वाचता आला, तर नाव वाचायची वेळच येणार नाही. फाइलींची नावंही बदलली. आधी सुराचं नाव होतं, आता तीन अंकी आकडा, पेटी ०४८, पेटी ०४९ अशी. याचा एक वेगळाच फायदा झाला. शार्पची खूण असलेली फाइलनावं काही ठिकाणी चढवताना अडतात, आणि एकच काळी पट्टी कुणी सी शार्प लिहितं, कुणी डी फ्लॅट. आकड्यांत या दोन्ही कटकटी नाहीत आणि फाइली आपोआप सुरांच्या क्रमानं लागतात.

नवी पेटी संगीतकारांकडे गेली आणि पहिला निरोप आला तो हा, की आता सगळंच बिघडलं. मुख्य चाल एक सप्तक खाली गेली आणि अंतऱ्यात साताऱ्याच्या तानेतले फक्त शेवटचे दोन सूर, निषाद आणि षड्ज, ऐकू येतात.

मला हे अपेक्षित होतं, पण मी ते आधी बोलून ठेवलं नव्हतं, आणि त्यामुळे थोडा वेळ ताण झाला. चालीची क्लिप अजून बारा सुरांनी उतरवलेलीच होती, म्हणून ती खाली. तान ३७ ते ४९ मधली, पेटी आता ४८ ला सुरू होणारी, म्हणून तिच्यातले ४८ आणि ४९ एवढेच सूर वाजणारे. या उरलेल्या दोन सुरांनीच उलट सगळ्यांना पटवलं. आकडे कागदावर मांडल्यावर संगीतकार म्हणाले, “म्हणजे तो पोरगा बरोबर वाजवत होता की!” त्यांनी स्वतः फोन करून त्याला तसं सांगितलं. प्रकरणात तांत्रिक काय झालं यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. आठवडाभर त्या मुलाच्या माथी निष्काळजीपणाचा शिक्का होता.

चालीची क्लिप बारा वर, बासरीची क्लिप बारा वर, तान चोवीस वर. बासरीचा संच धडच होता. पुन्हा रेकॉर्डिंगची गरज उरली नाही.

नाशिकहून मात्र एक प्रश्न आला. नवी पेटी ६० ला ट्यूनरवर सी ३ दाखवते, एसएफझेडच्या हिशेबानं सी ४ दिसायला हवा, मग आता चुकलं का? नाही. ट्यूनर पुन्हा खर्जच सांगतो आहे, १३० हर्ट्झ, म्हणजे त्याच्या भाषेत सी ३. त्याच वेळी एबलटनही ६० ला सी ३ च म्हणतं, पण ते नर सुराला, दुसऱ्या पद्धतीनं. नावं पुन्हा जुळली, आणि पुन्हा त्यांच्या जुळण्याला काही अर्थ नाही. मी त्याला साइन लहरीचा साधा ऑसिलेटर, म्हणजे एकच शुद्ध सूर देणारं वाद्य, त्याच ट्रॅकवर लावायला सांगितला. ६९ दाबला की ट्यूनरवर ४४० आलं पाहिजे. ते आलं की ऑसिलेटरचा ६० आणि पेटीचा ६० एकापाठोपाठ ऐकायचे आणि नर रीड त्याच सुरात मिसळते का ते बघायचं. डबल रीडच्या पेटीला माझ्या मते हीच चाचणी लावावी.

नावांचं काय करायचं

संगीतकारांना आकड्यांत बोलणं मान्य नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. गाणारा माणूस ६१ असा विचार करत नाही. त्यांनी सुचवलं की आपण आपल्या भाषेत बोलू, काळी एक, मध्य सप्तक. आपल्या स्वरलिपीत खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, भातखंडे पद्धतीत हे किती स्वच्छ आहे! पण अडचण अशी की आपलं सप्तक षड्जापासून सुरू होतं आणि षड्ज प्रत्येक गाण्याला बदलतो. काळी चारच्या गाण्यात मध्य षड्ज ६८, तार षड्ज ८०. पाश्चात्त्य नावांत मात्र क्रमांक नेहमी सी ला बदलतो, त्यामुळे त्या गाण्याचं एकच मध्य सप्तक दोन क्रमांकांत विभागलं जातं. तालमीत समोरासमोर बसलेल्यांना मध्य सप्तक पुरतं. वेगवेगळ्या गावांतून फाइली पाठवणाऱ्यांना ते पुरत नाही.

ठरलं ते असं. चार जणांत जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या आणि निरोपाच्या वर एक ओळ लिहायची, “मधला सी ६०, इथे त्याला सी ३ म्हटलं आहे.” ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची पद्धत बदलता येते त्यांनी ती सी ३ ला लावून घ्यायची. लॉजिकमध्ये यामाहा आणि रोलंड असे दोन पर्याय आहेतच, रीपरमध्येही नावाचा क्रमांक वरखाली करता येतो. बाकीच्यांनी आपल्या पडद्यावर मधला सी काय नावानं दिसतो ते एकदा बघून लिहून ठेवायचं. आणि फाइलीचं नाव, मॅपिंग, ठेका बदलायच्या पट्ट्या, म्हणजे यंत्र किंवा प्रोग्रॅम जे वाचणार असेल, ते नेहमी आकड्यात.

कीबोर्डवरच्या ऑक्टेव्ह बटणाचा मुद्दा तेव्हाच निघाला. ते बटण नाव बदलत नाही, पाठवला जाणारा आकडाच बदलतं. पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, सी ३ चा सी ४ झालेला दिसतो, पण एकात सूर हलतो आणि दुसऱ्यात फक्त नाव. सूर एक सप्तक सरकलाय असं कुणी म्हटलं की आम्ही आता प्रथम विचारतो, “आकडा सांगा.” येणारे मिडीचे आकडे दाखवणाऱ्या कुठल्याही मिडी मॉनिटरमध्ये तो दिसतो.

नव्या व्यवस्थेची पहिली परीक्षा तबल्याच्या संचावर झाली. विकत घेतलेल्या त्या संचाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ठेका बदलायला सी ० दाबा. कोणत्या पद्धतीचा सी ०, ते कुठेच नव्हतं. तो १२ असू शकतो, २४ असू शकतो, एफएलच्या हिशेबानं शून्यही. विकाऊ संच करणाऱ्यांनी एवढी एक ओळ छापू नये हे मला पटत नाही. साताऱ्याच्या मुलाच्या कीबोर्डवर डावीकडे ३६ च्या खाली पट्टीच नाही. त्यानं ऑक्टेव्ह बटण एकदा खाली केलं, टोकाची पट्टी दाबली आणि मॉनिटरवर २४ दिसताच दादरा सुटून केहरवा सुरू झाला. पुस्तिकेच्या त्या पानावर त्यानं पेननं २४ लिहिलं आणि फोटो सगळ्यांना पाठवला.